जुनी लेक्सस एनएक्स घ्यावी की नवीन हायरायडर? आमच्याकडे पांधण आहे, हे धरून सांगा

संत्राबाग_वरुड

रामराम मंडळी. वरुड तालुक्यात आमची साडेआठ एकर संत्रा आहे, वरच्या तुकड्यात थोडी तूर-कपाशी. यंदा आंबिया बहराचा सौदा बरा झाला. व्यापाऱ्यानं फळगळीचं नाटक केलं, मी उठून जायचं नाटक केलं, अन् शेवटी जमलं. आता तेरा वर्षं जुनी डिझेल गाडी काढायची आहे.

दोन गाड्यांमध्ये अडकलो आहे. एक, मावसभावाच्या ओळखीतली पुण्याची लेक्सस एनएक्स ३००एच. २०१९ ची, एकच मालक, ६१ हजार किलोमीटर. २७ लाख सांगतो. दुसरी, नवी कोरी टोयोटा हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन अन् बॅटरीची मोटर, दोन्हींवर चालणारी), वरचं मॉडेल. ती सगळं धरून २३ च्या आसपास पडते. मधल्या चार लाखांत माझं अर्ध्या बागेचं ठिबक बदलून होते, हेही डोक्यात आहे.

माझं चालणं महिन्याला १४०० किलोमीटर. रोज गाव ते वरुड, आठवड्याला एकदा काटोलवरून नागपूर. त्यातल्या महिन्याला दोन फेऱ्या मायसाठी. गुडघे गेले आहेत तिचे, अन् डॉक्टर धंतोलीत बसतात. शेतात जायचा शेवटचा दीड किलोमीटर पांधण, म्हणजे कच्ची शेतवाट आहे. पावसाळ्यात तिथं मी गाडी नेतच नाही, दुचाकीनं जातो. पण बाकी आठ महिने नेतो.

खरं सांगतो, एनएक्समध्ये दिवाळीला पुण्यात बसलो होतो. दार लावलं तर धप्प, अन् रस्त्यावरचे फटाके एकदम शेजारच्या गावात गेल्यासारखे वाटले. तेव्हापासून मन तिथंच आहे. बायको म्हणते, तुम्हाले गाडी नाही पाह्यजे, साळभाऊले दाखवाले पाह्यजे. तिचं थोडं खरं आहे. म्हणून इथं विचारतो.

पाना_पकड_काटोल

दादा, मी नागपुरात अकरा वर्षं वर्कशॉपमध्ये होतो, हायब्रिडवर हात बसलेला आहे. या दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आहेत, हा गैरसमज आधी काढून टाका. लेक्सस हा टोयोटाचाच महागडा ब्रँड, १९८९ पासूनचा. दोन्ही गाड्यांची हायब्रिडची करामत एकाच घराण्यातली. इंजिन, दोन मोटर-जनरेटर आणि मधे प्लॅनेटरी गिअर, म्हणजे एकाभोवती एक फिरणारी दातेरी चाकं. क्लच प्लेट नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, गिअरबॉक्समध्ये घसणारा पट्टा नाही. म्हणून हे मशीन सहसा दगा देत नाही. टोयोटा हे १९९७ च्या प्रियसपासून करत आली आहे.

फरक कुठं? एनएक्सला २४९४ सीसीचं चार सिलिंडर इंजिन, अन् मागच्या चाकांना वेगळी मोटर. पुढून मागे शाफ्ट जात नाही, मागचा जोर निव्वळ विजेचा. ओल्या उतारावर गाडी उचलायला ते कामाचं, पण काळ्या मातीत रुतली की ट्रॅक्टरच लागेल. लोक ‘फोर बाय फोर’ ऐकून पांधणीत घालतात, मग मला फोन करतात. हायरायडर १४९० सीसी, तीन सिलिंडर, सगळं मिळून ताकद ११६ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), अन् स्ट्राँग हायब्रिड फक्त पुढच्या चाकांवर चालते. चढावर पाय दाबला की तिचं इंजिन वर चढून आवाज करते, वेग मागून येतो. बिघाड समजून घाबरू नका, या गिअरची रीतच तशी आहे.

जुनी घ्यायची असेल तर बॅटरीच्या पंख्याकडे आधी पाहा. टोयोटाच्या बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ एक जाळी असते. लोक तिला एसीची समजतात. बॅटरी तिथूनच हवा ओढते. आपल्याकडे धूळ, कपाशीचा पुंजका, कुत्र्याचे केस, सगळं तिथं जाऊन बसते. जाळी कोंदली की बॅटरी तापते, अन् तापली की तिचं आयुष्य घटते. सीटवर गोधडी टाकून ती जाळी झाकणारे मी पाहिले आहेत.

दुसरं, साधी १२ व्होल्टची बॅटरी. बाग तोडणीच्या दिवसांत गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली अन् ती छोटी बॅटरी उतरली, तर मोठी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. कारण कॉम्प्युटर उठवायचं काम छोटीचंच आहे.

तिसरं, उंदीर. गोठ्याजवळ गाडी लावता का? हायब्रिडमधली जास्त व्होल्टेजची वायर नारंगी असते, बरोबर तुमच्या संत्र्याच्या रंगाची. तिला गावातल्या वायरमनचा हात लागू देऊ नका, स्वतःचा तर मुळीच नाही.

अन् पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळते. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, २०१९ च्या गाडीला कितीपर्यंत चालते ते तिच्या पुस्तकातच पाहावं लागेल.

काळीमाती_नेर

मी भोगलं आहे म्हणून लिहितो. कंपनीचं नाव घेत नाही. २०२१ मध्ये मी एक जुनी परदेशी गाडी घेतली, अशीच कुणाच्या ओळखीतली, अशीच ‘एकच मालक’वाली. पहिलं वर्ष राजासारखं गेलं. मग डिसेंबरात रात्री दारव्हा रोडवर तुरीतून रोही (नीलगाय) निघाली. मी तीसच्या वेगात होतो, ब्रेकही लागला होता. रोही उठून पळाली, माझा डावा दिवा, बंपर अन् रेडिएटरची चौकट गेली. ठीक आहे, होते.

त्यानंतर गाडी ७१ दिवस वर्कशॉपला उभी. दिवा देशात नव्हता. येईल, येईल, बोटीत आहे, कस्टममध्ये आहे. मी रोज सकाळी फोन करायचो, पलीकडची मुलगी माझा आवाज ओळखायला लागली होती. दिव्याचा आकडा ऐकून वडिलांनी विचारलं, एवढ्यात बैलजोडी किती येते? मी सांगितलं नाही.

एनएक्स ३००एच सुद्धा अख्खी बाहेरूनच आलेली गाडी आहे. हायरायडर कर्नाटकात बिडदीला बनते, अन् मारुतीची ग्रँड विटारा तिची जुळी बहीण. आपल्याकडे रोही आहेत, रानडुकरं आहेत, ऊस-कापसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉल्या आहेत. इथं पत्रा ठोकला जाणारच, हे धरून गाडी घ्यायची.

अकोलेकर_ताई_आता_पुण्यात

सगळे घाबरवूनच राहिले त्यांना! दादा, उलट बाजूही ऐका. नवीन गाडी शोरूमच्या बाहेर काढली की भाव पडतो. एनएक्सचा जेवढा पडायचा तेवढा पहिल्या मालकानं सोसला आहे. तिच्याजागी आलेली एनएक्स ३५०एच २०२२ मध्ये ६५ लाखांच्या घरात होती, तुम्हाला त्या जातीची गाडी २७ मध्ये मिळतेय. गाडी एमएच १२ आहे, म्हणजे राज्यातलीच, टॅक्स परत भरायचा नाही, नाव बदलायचं फक्त. नव्या गाडीच्या किमतीवर, २० लाखांच्या आत असली तरी, १२ टक्के रोड टॅक्स जातोच.

आणि गुडघे गेलेल्या आईला शंभर किलोमीटर नेता ना तुम्ही? मग सीट, सस्पेन्शन, आवाज यांचं मोल रुपयांत कसं काढणार? माझ्या बाबांना मी असंच अकोला-पुणे नेत होते. शेवटच्या वर्षी मला मायलेजशी काही घेणं नव्हतं.

गुरुजी_मोर्शी

ताईंचा मुद्दा मान्य, पण मी गणिताचा मास्तर. महिन्याला १४०० म्हणजे वर्षाला १६,८०० किलोमीटर. हायरायडरचा कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे, तो विसरा, आपल्या रस्त्यावर २१ धरा. ८०० लिटर. एनएक्सला १४ धरा, १२०० लिटर. पेट्रोल १०५ नं ४०० लिटरचा फरक ४२ हजार. दरवर्षी. त्यात अठरा इंची टायर अन् विमा घाला. पाच वर्षं उलटलेल्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा विमा) मिळवतानाही खेटे पडतील.

नव्याला हायब्रिड बॅटरीची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी आहे. जुनीची किती उरली, ती नव्या मालकाच्या नावावर चढते का, हे तोंडी नाही, लेखी घ्या.

आणखी एक, कुणी विचारलं नाही म्हणून. हायब्रिडची खरी कमाई गर्दीत होते, थांबा-चला, थांबा-चला. ब्रेक दाबला की बॅटरी भरते. वरुड-काटोल रस्त्यावर तुम्ही ऐंशीनं सरळ जाल, तिथं तिला कमवायला फारसं नाही. साध्या पेट्रोलचाही हिशेब एकदा करून पाहा.

पाना_पकड_काटोल

गुरुजी, वरुडच्या बाजारातली गर्दी पाहिली नाही वाटते तुम्ही.

विदर्भ_एक्स्प्रेस_९

दोन्ही सोडा, टोयोटाचीच मोठी इनोव्हा हायक्रॉस घ्या.

संत्राबाग_वरुड

हायक्रॉस आमच्या वाड्याच्या गल्लीत वळत नाही, दोरीनं मोजून पाहिलं आहे.

उशीर झाला उत्तराला, तोडणी चालू होती. एनएक्सवाला लग्नासाठी नागपुरात आला, तेव्हा त्याला म्हटलं गाडी दाखव. काटोलच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणं सगळं तपासून घेतलं. जाळी स्वच्छ, बॅटरीची तपासणी व्यवस्थित, सर्व्हिसचा एकेक कागद हजर. गाडीत खोट नाही, हे आधी लिहितो. मायले मागं बसवलं अन् अमरावती रोडनं निघालो. बाजारगावच्या आधीच माय झोपली. आमच्या जुन्या गाडीत ती वरची दांडी धरून देवाचं नाव घेत बसते. मी आरशात पाहत होतो, तोंड थोडं उघडं, पदर खांद्यावरून खाली. लय बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हायरायडर पाहायला गेलो, सोबत आपला तोडणीचा प्लास्टिक क्रेट घेऊन. सेल्सवाला पोरगा पाहतच राहिला. हायब्रिडची बॅटरी मागं असल्यानं डिक्की आखूड आहे. दोन क्रेट बसले, तिसरा सीटवर ठेवावा लागला. एनएक्समध्ये चार गेले होते. उड्डाणपुलाच्या चढावर पाय दाबला तर माय म्हणे, “हे कन्हते काहून रे?” सिग्नलवर इंजिन आपोआप थांबलं तर म्हणे, “बंद पडली काय?” दोनदा सांगितलं, माय, हे अशीच राह्यते. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, पण विश्वासही बसला नाही तिचा.

मग लेक्ससच्या सर्व्हिसला फोन लावला, कारण नेरच्या भाऊंनी डोक्यात किडा सोडला होता. म्हटलं, वरुडच्या पुढं गाडी उभी राहिली तर? पलीकडून नीटच उत्तर मिळालं, उचलायला गाडी पाठवू म्हणाले. किती वेळात, तर अंतर पाहून सांगतो म्हणाले. त्यांची चूक नाही, आमचं गावच तिथं आहे. पण बोलता बोलता मला माय दिसायला लागली, जलालखेड्याच्या पुढं, ऊन तापलेलं, धंतोलीची अपॉइंटमेंट अकराची.

हायरायडर बुक केली. ताई, रागावू नका, तुमचं पटलं होतं. एनएक्सवाल्याला नाही म्हणताना मी फोन दोनदा कट केला अन् मग लावला. साळभाऊले अजून सांगितलं नाही.

एकच अडचण राहिली. मायचा पाय चढताना उंबऱ्याला अडकते. सुताराला सांगून सागवानाचा एक पाट करून घेतो आहे, सहा इंच उंच, खाली रबर मारून. तो डिक्कीत ठेवला तर क्रेट एकच बसते. काटोलचे भाऊ, मागच्या सीटखाली सरकवला तर चालेल का, की तिथंही एखादी जाळी आहे?

पाना_पकड_काटोल

गाडी आली की सीटखालचा फोटो टाका, पाहून सांगतो. तोवर पायाजवळ ठेवा, जाळीजवळ नको. अन् उंदरासाठी गोठ्यापासून दूर लावा, कन्हो की न कन्हो.