हरणाच्या शिकारीची रायफल कितीवर झिरो करायची, १०० यार्ड की २००?

माळावरचा
आमचे दाजी टेक्सासला असतात, यंदा तिथलं लायसन काढून व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जायचं म्हणतायत. रायफल थ्री-ओ-एट विंचेस्टर काडतुसाची, गोळी १५० ग्रेन वजनाची, वर दुर्बीण. तिथला दुकानदार म्हणला १०० यार्डावर झिरो करा, म्हणजे तेवढ्या अंतरावर नेम जिथं तिथंच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवा, आणि विषय संपवा. मी फोनवर म्हणलो दाजी त्याचं ऐकू नका, २०० वर करा. २०० ला झिरो केली की १०० ला गोळी दोनेक इंच वर लागते आणि २५० ला तीन-चार इंच खाली, म्हणजे छातीच्या मधोमध नेम धरायचा अन् चाप ओढायचा, डोक्यात गणित नको. १०० वर केली तर ३०० ला जवळजवळ चौदा इंच खाली जाते की ओ, पोटाखालनं जाईल नाहीतर पाय मोडेल. पटतंय का?

सातरस्ता
३०० कुठनं आणलं बे मधीच? टेक्सासात बरीच लोकं ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपायच्या खोपटात बसतात, समोर मका सांडणारा फीडर, हरीण येतंय शंभर-सव्वाशे यार्डावर. तिथं नेम जिथं गोळी तिथं पाहिजे. नवीन माणूस, हरीण दिसलं की हात थरथरणार, त्यात तू त्याला आधीच दोन इंच वर मारायला लावतोयस. २०० ला चार इंच खाली जाते एवढं पाठ करायला काय लागतंय, जरा वर धरायचं.

नान्नजकर
सोलापुरात बसून हरणाच्या शिकारीच्या गप्पा, भारीय. आपल्या माळढोक अभयारण्यात काळवीट बघायला लोकं लांबनं येतात आणि इथं १९७२ च्या कायद्यानं बोट लावलं तरी जेल आहे.

माळावरचा
दादा इथलं कोण म्हणतंय? तिथं सीझन ठरलेला, किती मारायचे ते पण ठरलेलं, पैसे भरून लायसन. मुद्द्यावर या.

फौजी_रिटायर
दोघं इंचावरनं भांडताय, ग्रुपिंगचं, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात त्याचं, कुणीच बोलंना. आधी बाकावर बसून रायफलीखाली वाळूची पिशवी, तीन गोळ्या निवांत मारायच्या, नळी गार होऊ द्यायची, परत तीन. तिन्ही भोकं दीड इंचात येतात का बघा. मग त्या तिन्हींचा मध्य धरायचा, एकट्या गोळीवरनं दुर्बीण फिरवायची नाही. बहुतेक दुर्बिणींच्या चकतीची एक टिक फिरवली की १०० यार्डावर गोळी पाव इंच सरकते, म्हणजे दोन इंच खाली लागत असेल तर आठ टिका वर. आता ज्याचा ग्रुपच १०० ला तीन इंचाचा आहे त्याचा २०० ला सहा इंचाचा होणार, आणि हरणाच्या छातीत मारायची जागा सगळी मिळून आठेक इंच. त्याला कुठलाही झिरो वाचवत नाही.

एनसीसीवाला
एवढं कशाला, २५ यार्डावर झिरो केली की २०० च्या आसपास आपोआप जुळते म्हणतात. आम्ही कॉलेजात पॉइंट टू टू रायफल २५ मीटरवरच मारली.

फौजी_रिटायर
जुळते जवळपास, पण २५ ला अर्धा इंच चुकलं तर २०० ला चार इंच चुकलं, आठपट. २५ वर फक्त गोळी कागदावर आणायची, नंतर लांब जाऊन खात्री करायचीच.

सातरस्ता
बघ, हेच म्हणतोय मी. १०० वर वारं पण कमी त्रास देतंय, आपला नेम चुकला की रायफल, ते कळतंय तरी.

माळावरचा
मग १०० च्याच कागदावर दोन इंच वर लावून घ्या की, २०० चा झिरो झाला! रेंज लांब नसली तरी अडत नाही.

सातरस्ता
आणि २०० ला कागद न लावताच हरणावर सोडायची? दोनऐवजी तीन इंच वर लागली असली तर २०० ला दोन इंच वर, ते कोण बघणार?

माळावरचा
ते बरोबरय, एकदा २०० ला मारून बघायला सांगतो. पण झिरो २०० च.

फौजी_रिटायर
दाजींना विचार, झिरो करायला स्वस्तातली गोळी आणि शिकारीला महागातली असं करणार नाहीत ना? गोळीची कंपनी किंवा वजन बदललं की लागायची जागा बदलते. ज्या गोळीनं शिकार, त्याच गोळीनं झिरो. आणि ब्लाइंडमधनं फीडर किती यार्डावर आहे ते मोजून घ्या म्हणावं. शंभर-सव्वाशे असलं तर सातरस्ता म्हणतोय ते करा, उघडं रान असलं तर तुझं.

माळावरचा
रात्री फोन करतो, तिथं सकाळ झाली की.