उवा, लिखा आणि फणी: तुमचे अनुभव सांगा

लेक तिसरीत आहे. रविवारी तिची वेणी घालत होते तर कानामागून एक ऊ आरामात चालत गेली. माझ्या हातातला कंगवाच पडला. डॉक्टरांनी पर्मेथ्रिन १ टक्क्याचं लोशन दिलंय, ते लावलं, पण डोकं खाजवणं चालूच आहे आणि वर्गाच्या ग्रुपवर विचारायची लाज वाटते. तुमच्याकडे काय झालं, काय उपयोगी पडलं, काय फसलं ते सगळं लिहा.

परळची माहेरवाशीण
लाज कसली त्यात! आमच्या चाळीत मे महिन्यात दुपारी गॅलरीत हाच कार्यक्रम. मांडीवर पांढरा पंचा, लाकडी फणी मानेपासून वर ओढायची आणि पंच्यावर पडली की आई अंगठ्याच्या दोन नखांत धरून टच्च. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आई एकटी मला साफ करायची आणि आठ दिवसांत परत तेच, कारण पलीकडच्या बिऱ्हाडातल्या दोघींच्या डोक्याला डोकं लावून आम्ही पत्ते खेळायचो. शेवटी मजल्यावरच्या सगळ्या पोरींना एकाच दिवशी बसवलं तेव्हा कुठे संपलं. म्हणून सांगते, आधी घरातल्या सगळ्यांची डोकी बघ, स्वतःचं पण.

कांदिवलीकर आई
मी लोशन एकदाच लावलं आणि खुश झाले. बारा दिवसांनी परत उवा. मेडिकलवाल्याशी भांडायला गेले, म्हटलं तुमचं औषध नकली आहे. त्यानेच शांतपणे समजावलं की हे औषध जिवंत उवा मारतं, लिखांवर नीट चालत नाही, आणि त्या ७ ते १० दिवसांत फुटतात, मग पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत, नवव्या दिवसाच्या आसपास दुसऱ्यांदा लावायचं. तेच पत्रकावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. आणि वर लोशनच्या आधी केस मऊ व्हावेत म्हणून कंडिशनर लावलेला, त्याने औषध केसांना धरतच नाही. सगळ्या चुका एकाच वेळी.

दादर पश्चिम
सीताफळाच्या बियांची पूड कोणीही लावू नका प्लीज. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या लावायचे, मी पण खोबरेल तेलात कालवून मुलीला लावली. आंघोळीला डोक्यावर पाणी ओतलं ते डोळ्यात गेलं. अर्ध्या तासात डोळा लालभडक, पोरगी उजेड बघू शकेना, रात्री अकराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बुबुळाला इजा झाली होती, आठवडाभर थेंब घालत होतो. बरी झाली, पण ती रात्र आठवली की पोटात गोळा येतो. उवा मेल्या का? हो, मेल्या. म्हणूनच तर लोक लावत राहतात.

परळची माहेरवाशीण
अगं बाई! आमच्याकडे रॉकेल चोळायचे, आणि शेजारीच स्टोव्ह पेटलेला. कशा वाचलो देव जाणे.

एक बाबा, मुलुंड
बायकोची नाईट शिफ्ट, त्यामुळे हे खातं माझ्याकडे आलं. औषध न लावता केलं. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर (कांदिवलीकर ताई, इथे चालतो, औषध नाहीये ना), गुंता काढायचा, मग स्टीलची बारीक फणी अगदी टाळूला टेकवून टोकापर्यंत, दर वेळी टिश्यूला पुसायची. मी टिश्यूवर मोजत होतो. पहिल्या दिवशी २३, तीन दिवसांनी ९, मग ४, मग एक एवढीशी, नंतर शून्य. दर तीन दिवसांनी, दोन आठवडे, प्रत्येक वेळी पाऊण तास. मोबाईलवर कार्टून लावून द्या, नाहीतर पोर बसत नाही. अजून एक, मी आधी घाबरून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून अख्खं घर फवारून घेतलं होतं. पैसे पाण्यात. ऊ डोक्यावरून पडली की रक्त मिळत नाही, एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुतले असते तरी पुरलं असतं.

शाळेत शिकवते
खाज आणि उवा यांचा वेळ जुळत नाही हे लक्षात ठेवा. खाज म्हणजे उवांच्या लाळेची ॲलर्जी. पहिल्यांदा झाल्या तर महिनाभर खाजतच नाही, आणि मेल्यावरही काही दिवस खाजत राहतं. त्यामुळे तुमच्या लेकीचं खाजवणं म्हणजे औषध फुकट गेलं असं नाही, फणी फिरवून जिवंत दिसते का तेवढं बघा. आणि लिखांवरून पोरींना मागच्या बाकावर बसवतात त्याचा मला भयंकर राग येतो. लीख टाळूला लागून चिकटते, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे तीन सेंटीमीटरवर दिसणारी लीख तीन महिन्यांपूर्वीचं रिकामं टरफल. ती पोरगी केव्हाच बरी झालेली असते! "घरी आंघोळ घालत नाहीत का" हे तर मी स्टाफरूममध्ये ऐकलंय. स्वच्छ केसांत पण होतात हो.

विरार फास्ट
मला लेडीज डब्यातून आल्या असं मी सगळ्यांना सांगायचे. उवा उडी मारत नाहीत, उडत नाहीत, केसावरून केसावर चालत जातात हे कळल्यावर जरा गप्प बसले, कारण त्याच आठवड्यात भाची राहायला आली होती आणि आम्ही एका उशीवर झोपत होतो. तरी आता अंबाडा घालूनच चढते, त्या गर्दीत कोणाचे केस माझ्या तोंडात नसतात असं कधी झालंय?

धागाकर्ती
सगळ्यांना थँक्यू. परळच्या ताईचं ऐकून काल माझ्या डोक्यात फणी फिरवली, तीन निघाल्या. नवरा हसतोय, त्याला टक्कल आहे. दुसरा डोस गुरुवारी, दोघींना एकदमच. आईला फोन केला तर म्हणाली उद्याच येते फणी घेऊन, आणि डब्यात सीताफळाची पूड पण आहे म्हणे. तिला न दुखावता नाही कसं म्हणायचं ते आता कोणीतरी सांगा.