डायलिसिसवरच्या आईला हात न टेकता उठता येण्यासाठी व्यायाम कोणता?

प्रश्न: आई ६९ वर्षांची, मधुमेह आहे. डायलिसिस सोम-बुध-शुक्र, फिस्टुला (डायलिसिसच्या सुया लावण्यासाठी जोडलेली रक्तवाहिनी) डाव्या हातात. खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, घरात भिंत धरून चालते. डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितलंय. कोणता, किती, कधी? रंकाळ्यावर फिरायला नेऊ का?

फिजिओथेरपिस्ट: ताई, रंकाळा नंतर, आधी उठ-बस. १८ इंच उंचीची पक्की खुर्ची भिंतीला टेकवा. जमत नसेल तर बैठकीवर घट्ट घडीची सतरंजी ठेवून उंची वाढवा. पाऊलं गुडघ्यांच्या थोडी मागे, छाती पुढे झुकवून श्वास सोडत उठायचं आणि मनात चार आकडे मोजत सावकाश बसायचं. बहुतेक जण धपकन बसतात. तिथे मांडीचा अर्धा व्यायाम बुडतो. श्वास रोखला तर बीपी चढतं. ५ वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा ५, एक दिवसाआड. सलग १० जमू लागले की सतरंजीची एक घडी कमी करा. महिन्यातून एकदा ३० सेकंदांत किती वेळा उठते ते मोजून लिहून ठेवा.

चालणं डायलिसिस नसलेल्या दिवशी. इटलीतल्या २०१७च्या ‘एक्साइट’ अभ्यासात रुग्ण अशा दिवशी १०-१० मिनिटं दोनदा चालले. ६ मिनिटांत कापलेलं सरासरी अंतर सहा महिन्यांत ३२८ वरून ३६७ मीटरवर गेलं. तुम्ही ३ मिनिटांपासून सुरू करा. बोलता येईल इतकाच दम लागावा. नाडीवर जाऊ नका, बीपीच्या काही गोळ्यांनी ती फारशी वाढत नाही. आणि कोल्हापुरी चप्पल नको! मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होते, चप्पल निसटलेली कळत नाही. मागे पट्टा असलेली सँडल घाला.

डायलिसिस टेक्निशियन: डायलिसिस झाल्यावर त्या दिवशी व्यायाम नको. पाणी काढल्यामुळे उभं राहताच बीपी पडतं, वर हेपॅरिनमुळे (रक्त गोठू न देणारं औषध) पडल्यावर रक्त लवकर थांबत नाही. सेंटरमध्ये पायडलची सायकल असेल तर पहिल्या दोन तासांत मारता येतं, नंतर बीपी उतरायला लागतं. सुया लावलेला हात मात्र हलवायचा नाही.

प्रश्नकर्ती: चालून आल्यावर शहाळं दिलं तर?

डायलिसिस टेक्निशियन: अजिबात नको, त्यात पोटॅशियम भरपूर, आणि ते दोन डायलिसिसच्या मधे रक्तात साठतं. तांबडा-पांढरा रस्साही त्यातलाच, शिवाय मीठ आणि पाणी. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरा, ठरलेल्या पाण्यातलेच दोन घोट द्या. शनिवार-रविवारच्या मोठ्या खंडानंतर पाय अचानक गळाले तर व्यायामाचा थकवा समजू नका, पोटॅशियम वाढलेलं असू शकतं, लगेच सेंटरला फोन करा.