मदत हवी आहे: आयएल-२२ मुळे आतड्यातल्या मूलपेशी वाढतात की घटतात?

नमस्कार मंडळी,

उंदराच्या लहान आतड्याच्या ऑर्गनॉइडवर (मूलपेशींपासून बशीत वाढवलेल्या इवल्या आतड्यांवर) काम करते आहे. माध्यम नेहमीचंच, तीन वाढप्रथिनांचं: ईजीएफ, नॉगिन, आर-स्पॉन्डिन. त्यात आयएल-२२ (इंटरल्यूकिन-२२, पेशींना संदेश देणारं एक सायटोकाइन प्रथिन) घातलं की ऑर्गनॉइड चांगले फुगतात, पण फोडून पुन्हा लावले की नवे कमी उगवतात.

वाचायला घेतलं तर गोंधळ वाढला. २०१५ च्या कामात हा सायटोकाइन मूलपेशींवर थेट, स्टॅट३ (पेशीच्या आत संदेश पोचवणारं प्रथिन) मार्फत काम करतो आणि दुखावलेलं आतडं सावरतो असं दिसलं होतं, तेही पॅनेथ पेशींच्या (मूलपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींच्या) मदतीशिवाय. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने जवळपास उलट दाखवलं: वाढतात त्या मूलपेशी आणि पक्व पेशी यांच्या मधल्या, भराभर विभागणाऱ्या पेशी, एलजीआर५ (मूलपेशींची खूण असलेलं प्रथिन) असलेल्या मूलपेशी मात्र घटतात, कारण विंट आणि नॉच हे मूलपेशी टिकवणारे दोन्ही संदेश मंदावतात. माझे ऑर्गनॉइड दुसऱ्या गटाच्या बाजूने बोलताहेत असं वाटतं. नुसता आकार मोजून मूलपेशी वाढल्या म्हणणं मला तरी पटत नाही.

कोणी हे केलं असेल तर सांगा: मात्रा किती ठेवलीत, आणि आयएल-२२ सतत दिलं की थोडा वेळ देऊन काढून घेतलं? मूलपेशी मोजायला ओल्फएम४ (मूलपेशींची खूण असलेलं आणखी एक जनुक) चा क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) पुरतो, की एलजीआर५-जीएफपी उंदीर (ज्यांच्या मूलपेशी हिरव्या चमकतात) आणि फ्लो सायटोमेट्रीशिवाय (पेशी एकेक करून मोजण्याच्या तंत्राशिवाय) गत्यंतर नाही? (ते उंदीर आमच्याकडे नाहीत, हीच खरी अडचण.)

शिवाय इंटरफेरॉन-गॅमा (दाह वाढवणारं दुसरं सायटोकाइन) दिल्यावर मूलपेशी मरतात, तेव्हा सोबत दिलेलं आयएल-२२ त्यांना वाचवतं का, हे कोणी पाहिलंय?