हीटर बदलण्यापूर्वी बायमेटल तपासावे
फ्रीजरमध्ये बर्फ साचतो आणि खालचा कप्पा गार होत नाही, म्हणून मेकॅनिकने डीफ्रॉस्ट हीटर (साचलेला बर्फ वितळवणारा हीटर) बदलण्यास सांगितले, असे आपण लिहिले आहे. तरीही आधी प्लग काढून, हीटरच्या दोन्ही वायरी सुट्या करून मल्टिमीटरने रोध मोजावा. 230 व्होल्टवरील 150 वॅटच्या हीटरचा रोध सुमारे 350 ओहम येतो. मीटर अनंत दाखवत असेल, तरच तार तुटली असे म्हणता येईल. बायमेटल (गार असताना हीटरचा वीजमार्ग जोडणारा आणि गरम झाल्यावर तोडणारा स्विच) मात्र बर्फात गार असतानाच तपासावे, कारण नागपूरच्या मे महिन्यातील उकाड्यात चांगले बायमेटलही मीटरवर उघडेच, म्हणजे वीजमार्ग तुटलेले, दिसते आणि विनाकारण फेकले जाते. (घरात कूलर असल्यास दमट हवेमुळे बर्फ तसाही जास्त धरतो.) थर्मल फ्यूजही (फार तापल्यास वीज कायमची तोडणारा फ्यूज) शाबूत असेल, तर दोष हीटर ठरावीक वेळाने चालू करणाऱ्या टायमरमध्ये किंवा कंट्रोल बोर्डमध्ये शोधावा.