क्लबचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

मोरपीस: आमच्या रोटरी क्लबला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतायत. स्मरणिका माझ्या गळ्यात पडलीय (त्या मीटिंगला गेले नव्हते, त्याची शिक्षा). हाताशी आहे ती माजी अध्यक्षांची यादी आणि हारतुऱ्यांचे ढीगभर फोटो. यातून कोणी वाचेल असं काही कसं काढू?

जुना_सचिव: फोटो बाजूला ठेवा, इतिवृत्ताच्या वह्या शोधा. त्या क्लबच्या कपाटात नसतात, माजी सचिवांच्या माळ्यावर असतात. आणि तारखा जपून. रोटरी वर्ष 1 जुलैला सुरू होतं, त्यामुळे एकाच अध्यक्षाचं काम दोन सालांत पडतं. सगळीकडे 1988-89 असंच लिहा, नाहीतर प्रकाशनाच्या दिवशीच भांडणं.

तिरकस: 1905, शिकागो, पॉल हॅरिस, सभासदांच्या ऑफिसात आळीपाळीने बैठका म्हणून नाव रोटरी, हे दोन ओळींत उरका. त्यातच चार पानं घालवतात लोक. एक मात्र घ्या: त्या पहिल्या क्लबने सुरुवातीलाच, 1907 मध्ये, शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून पाठपुरावा केला होता. फीत कापतानाचा फोटो कसा आला असता कोण जाणे.

मोरपीस: हे भारीच! पोलिओ लसीकरणाचं पण बरंच आहे, ते घेऊ ना?

जुना_सचिव: घ्या की. पोलिओप्लस, म्हणजे रोटरीची पोलिओ हटवायची मोहीम, 1985 ची. पण तुमच्या लोकांनी नेमकं काय केलं ते लिहा: गाड्या दिल्या, घरोघरी फिरले, बूथवर बसले. 'आम्ही पोलिओ हटवला' नको, लस पाजणारे आरोग्य कर्मचारी वाचतील.

मधुमालती: रोटरीचं सभासदत्व बायकांना जगभर खुलं झालं ते 1989 साली. त्याआधीच्या शिबिरांत राबलेल्या बायका तुमच्या वह्यांत सापडायच्या नाहीत. इनर व्हील (मूळचा रोटरीवाल्यांच्या घरातल्या बायकांचा क्लब) असेल तर त्यांच्या वह्या मागा, आणि वयस्कर मंडळींशी आधी बोलून घ्या, वह्या थांबतील. शिवाय जुनी कामं प्रत्यक्ष जाऊन बघा. बांधून दिलेलं आज कोण वापरतंय, बंद पडलं तर का? मला तरी तेवढंच वाचायला आवडेल.

मोरपीस: अपडेट: चार वह्या मिळाल्या, एक वाळवीने खाल्लेली. एकाच पाण्याच्या टाकीचं उद्घाटन तीन वेगवेगळ्या वर्षी झालेलं दिसतंय.

तिरकस: तिन्ही छापा. 🙂