मंडळाच्या प्रथमोपचार पेटीत नॅलोक्झोन ठेवण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतील आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातील प्रथमोपचाराची जबाबदारी यंदा माझ्याकडे आहे. पेटीत नॅलोक्झोनचा नाकात मारायचा स्प्रे, म्हणजे नार्कन, ठेवावा असे मी कार्यकारिणीत सुचवले (ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक औषधांच्या ओव्हरडोसने मंदावलेला श्वास हे औषध पूर्ववत करते); त्यावर "आपल्या मुलांना त्याची काय गरज?" असा प्रश्न आला आणि विषय तिथेच गुंडाळला गेला.

अमेरिकेत 2023 साली ओव्हरडोसने एक लाखाहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतील बहुतेक मृत्यूंमागे फेंटानिलसारखी ओपिऑइड होती. हे फेंटानिल बनावट गोळ्यांतही मिसळलेले असते, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत मित्राकडून एखादी गोळी घेणाऱ्या मुलाला व्यसन असलेच पाहिजे असे नाही. शिवाय गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या ऑक्सिकोडोनच्या (हेही ओपिऑइडच) गोळ्या आपल्यापैकी किती घरांच्या खणांत पडून आहेत, हेही एकदा तपासावे.

खर्चाची सबब चालणार नाही. 4 मिलिग्रॅमचा हा स्प्रे मार्च 2023 पासून चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी आहे, आणि आमच्या राज्यात तर 14 वर्षांवरील कोणालाही तो योजनेत सहभागी असलेल्या औषधांच्या दुकानांत नाव न सांगता फुकट मिळतो. शरीरात ओपिऑइड नसेल तर त्याने सहसा अपायही होत नाही. एका नळीत एकच मात्रा असल्यामुळे ती आधी दाबून पाहायची नसते. 911 ला फोन करून एका नाकपुडीत पूर्ण मात्रा द्यायची आणि दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही, तर दुसरी नळी दुसऱ्या नाकपुडीत. औषधाचा असर 30 ते 90 मिनिटांतच ओसरू शकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी रुग्णालय टळत नाही. (आपल्याकडे "आता बरं वाटतंय ना, मग घरी जाऊ" म्हणणारे हमखास भेटतात.)

माझी अडचण पुढची आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण असते हे मला ठाऊक आहे, परंतु मंडळाच्या विमा कंपनीला हे आधी कळवावे लागते का? आमची पेटी वर्षभर एकाच्या गाडीच्या डिकीत असते आणि हे औषध गोठून किंवा फार तापून चालत नाही. तेव्हा स्प्रे वेगळा कोणाच्या घरी ठेवावा की सभागृहातच? आपल्यात कोणी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट असतील, तर स्वयंसेवकांना तासाभरात नेमके काय शिकवावे हेही कृपया सांगावे.

ज्यांच्या मंडळाने किंवा मराठी शाळेने असा ठराव संमत केला असेल, त्यांनी त्याचा मसुदा पाठवल्यास मी तो येत्या रविवारच्या बैठकीत पुन्हा मांडेन.